चाकावरचं घर, सेकंडहँड

'घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून' असं जुनी माणसं सांगून गेली. आज ती असती तर 'जुनी गाडी पाहावी घेऊन' हेही त्यात नक्की जोडलं असतं! मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली की घरातला पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर सगळं आपल्याकडेच दुरुस्तीला येतं, हा अनुभव हॉस्टेलवरच्या प्रत्येकाला असेल. माझ्याकडे दिवाळीच्या सुट्टीत थेट चाकावरचं घर आलं.

झालं असं, की माझा दादा अंबडला एका कारखान्यात फिटर आहे. पुतणी सात वर्षांची, पुतण्या चारचा. वहिनीने मोबाईलवर परदेशातली कुटुंबं पाहिली. गाडीमागे छोटंसं घर ओढत नेतात, आवडेल तिथे मुक्काम करतात. "भाऊजी, असं जुनं, स्वस्तातलं आपल्याला मिळेल का हो? तुम्ही इंजिनिअर ना!" बजेट दीड लाख. बोनस, भिशी आणि दोन वर्षांच्या ओव्हरटाईमचे. हे पैसे बुडाले तर मागे काहीच नव्हतं.

ट्रेलरचा विचार पाच मिनिटांत संपला. तो ओढायला आधी दणकट गाडी हवी आणि दादाकडे मोटारसायकल! शिवाय कायद्याने ट्रेलरचीही वेगळी नोंदणी लागते. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण तयार कॅराव्हॅनची किंमत ऐकून दादा म्हणाला, "एवढ्यात मी गावाकडे घरच बांधीन की!"

मग मी मारुती ओम्नी सुचवली. १९८४ मध्ये 'मारुती व्हॅन' म्हणून आलेली ही गाडी २०१९ मध्ये बंद झाली, पण सुटे भाग आणि मेस्त्री अजून गावोगाव सापडतात. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली. समोर बॉनेट नाही, त्यामुळे ३३७० मिलिमीटर लांबीतली बहुतेक जागा माणसांना मिळते. सरकती दारं अरुंद जागेतही उघडतात. तोटाही तोच. धडक झाली तर पुढे काही आडवं नाही, एअरबॅग नाहीत. म्हणून दादाला पहिली अट घातली: वेग साठच्या आत आणि रात्रीचा प्रवास नाही.

पहिली गाडी चकाचक होती. "इंजिन एकदम मख्खन आहे," विकणारा म्हणाला. मी खिशातलं लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेला लावलं, ते घसरून पडलं. म्हणजे रंगाखाली पत्रा नव्हे, पुट्टी! मॅट उचलली तर सरकत्या दाराच्या पट्टीजवळ तळ गंजून पापुद्रे सुटलेले. आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच. तोवर पोरं मागच्या सीटवर चढून 'आपली गाडी, आपली गाडी' करत होती. दादाच्या हातात टोकनचे पैसे होते. मी मान हलवली आणि वहिनीचा चेहरा उतरला. पोरांना खाली उतरवणं अगदी जिवावर आलं.

परतताना म्हटलं, "दादा, अजून तीन-चार वर्षं साठव, चांगली घे." तो म्हणाला, "तोवर ही मुलं आमच्यासोबत एका अंथरुणात झोपतील का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पंधरा दिवसांनी ओझरच्या एका निवृत्त गृहस्थांची २०१४ ची ओम्नी मिळाली. रंग विटलेला, पण तळ धड आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या फाईलला लावलेल्या. सौदा एक लाख अठरा हजारांत. टायर, ब्रेक आणि क्लचला आणखी चौदा हजार. जुन्या गाडीची खरी किंमत ही बेरीज असते. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० भरले, विमा नावावर करायला चौदा दिवसांच्या आत अर्ज दिला. नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२९ मध्ये तपासणी करून नूतनीकरण, हेही दादाच्या वहीत लिहून ठेवलं.

आता घर! सीट काढून पलंग बोल्टने बसवायचा दादाचा बेत होता. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच बजावलं. म्हणून प्लायवूडच्या तीन सुट्या फळ्या केल्या. मुक्कामाला सीटची पाठ पाडून मांडायच्या, प्रवासात दोरीने घट्ट बांधायच्या. गाडी चालू असताना पोरं सीटवर, बेल्ट लावून. स्टोव्ह कायम बाहेर आणि झोपताना दोन्ही काचा बोटभर उघड्या. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, हे आपण शिकतो ते फक्त पेपरात लिहायला नाही!

पहिला मुक्काम भंडारदऱ्याला. संडास-पाण्याची सोय म्हणून एका तंबूवाल्याच्या आवारात पैसे देऊन गाडी लावली. वहिनी आणि पोरं आत, दादा आणि मी बाहेर ताडपत्रीखाली. थंडी अशी की दात वाजत होते. सकाळी पुतणीने दार सरकवलं आणि ओरडली, "काका, आपल्या दारात धरण आलं!" आतून वहिनी हसली. त्या विकणाऱ्याच्या दारातून परतल्यापासून ती अशी हसली नव्हती.

मित्रांनो, तुम्हालाही कधीतरी घरून असा फोन येईल. तेव्हा रंग बघू नका, मॅट उचला. आरसीवरचा बोजा वाचा. आणि खिशात एक लोहचुंबक ठेवा. जुन्या स्पीकरमधलंही चालतं.