भिंतीचा नकाशा

साताऱ्याच्या घरातला ओटा गवंड्याच्या सवयीने उंच झाला होता. अम्मी ठेंगणी. तिने आयुष्यभर खांदे उचलून रोट्या लाटल्या.

सांगलीत आम्ही घर बांधायला काढले. नकाशात ओटा कुठे ते दिसत होते. किती उंच, ते नव्हते. प्लॅन घर वरून दाखवतो. भिंत समोरून पाहायची तर एलेव्हेशन काढावे लागते. मी उर्दू शाळेत भूमिती शिकवते. आलेख कागद घेऊन बसले. पैमाना १:२०. अम्मीचे कोपर जमिनीपासून ९० सेंटीमीटर, म्हणून ओटा ८०, कागदावर चार.

मग न्हाणीघर. वुजूसाठी बसायचा कट्टा ४५, त्याला जुळेल असा नळ, उठताना धरायला दांडी. अम्मीचे गुडघे दुखतात. २०१९ चा कृष्णेचा पूर आठवून विजेची बटणे वर नेली.

गवंडी म्हणाला, "बाई, एवढं कोण काढतं?"

खरेच आहे. घराच्या कागदांवर सह्या पुरुषांच्या असतात. ओट्यापाशी दिवसभर उभी राहते तिचे माप कोणी घेत नाही. आता मी आठवीच्या मुलींना घरच्या ओट्याची भिंत काढून आणायला सांगते. शेजारी आईच्या कोपराची उंची लिहायची. दोन आकडे क्वचितच जुळतात.