जंजिऱ्याच्या तटावरून कमरेच्या पिस्तुलापर्यंत

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलो, तेव्हा ऊन तापायचं होतं. आम्ही घरचे सातजण, त्यात तीन मुलं. जंजिऱ्याचा दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. दिसला की मुलं ओरडली.

वर कलाल बांगडी, चावरी आणि लांडा कासम या तोफा पाहून झाल्या. तेवढ्यात आमच्या धाकट्याने विचारलं, "तोफा आहेत, मग सिद्दींची पिस्तुलं कुठे गेली?"

प्रश्न चांगला होता. तोफ जड, म्हणून जागीच राहिली. हातातलं हत्यार माणसाबरोबर निघून गेलं. त्याची खूण मात्र तटात आहे. तोफांच्या मोठ्या कमानींखेरीज बंदुकीच्या नेमासाठी ठेवलेल्या अरुंद जंग्या आम्ही मुलांना दाखवल्या.

त्या काळची बंदूक तोड्याची. पेटती वात सांभाळायची, दोन्ही हात गुंतलेले, आणि दमट वाऱ्यात दारू सर्दण्याची धास्ती. अशी बंदूक कमरेला लावून हिंडणार कसं? म्हणून कमरेला तलवार किंवा कट्यार असे. पुढे युरोपात कळ दाबताच ठिणगी पाडणारी यंत्रं निघाली, आधी चाकाची, मग चकमकीची. तेव्हा कुठे भरलेलं हत्यार पट्ट्यात खोचता आलं. आपल्या बोलण्यातही या प्रवासाच्या खुणा आहेत. 'बंदूक' अरबीतून आली, 'तमंचा' तुर्कीतून, तर 'काडतूस' पोर्तुगीजांकडून.

तरी त्या पिस्तुलात बार एकच. तो वाया गेला की पुन्हा तलवार. 1836 मध्ये अमेरिकेत सॅम्युअल कोल्टने फिरत्या नळकांड्याच्या रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं आणि एका हातात अनेक बार आले. 1887 मध्ये ब्रिटिश फौजेने सहा गोळ्यांचं वेब्ली स्वीकारलं. ते साहेबांच्या कमरेला इकडेही आलं. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात 9 मिलिमीटरची पिस्तुलं बनू लागली.

हत्यार जितकं लहान, तितकं लपवायला सोपं. म्हणून त्याचा हिशोबही कडक हवा. ब्रिटिश मुलखात 1878 च्या कायद्याने परवाना सक्तीचा केला. त्यात गोऱ्यांना सूट होती, म्हणून तो लोकांना सलत राहिला. आज 1959 चा कायदा लागू आहे. आमच्या नानांकडे डुकरांपासून भात राखायला ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ते ती स्वतः ठाण्यात जमा करून पावती आणत. "हत्यार आपलं नसतं, अमानत असते," असं ते म्हणत.

परतलो, तर धक्क्यावर एक पोलीस अधिकारी उभे होते, कमरेला पिस्तूल. धाकट्याने धीर करून विचारलं, "काका, हे रोज चालवता?"

ते हसले. "चालवायची वेळ येऊ नये म्हणून लावतो, बेटा. एक गोळी कमी झाली तरी ती कुठे गेली, ते लिहून द्यावं लागतं."

मुलगा गप्प झाला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "म्हणजे नानांच्या पावतीसारखंच."

जंजिऱ्याला जाल तेव्हा तोफा पाहाच, पण मुलांना त्या अरुंद जंग्याही दाखवा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेवढं ध्यानात ठेवा.