भरलेलं जहाज

काही छंद असे असतात की ते सांगताना आवाज आपोआप खाली येतो. कुणी कविता करतो, कुणी तिकिटं जमवतो, कुणी पहाटे उठून पक्षी पाहायला जातो. अशांकडे लोक कौतुकाने बघतात. पण ‘मी रात्री जेवणं आटोपल्यावर संगणकापुढे बसून खाणकामाची जहाजं बांधतो’ असं म्हटलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या काखेतल्या मराठीच्या पाठ्यपुस्तकाकडे पाहतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने एवढं वजनमाप करावं, हे जणू शोभत नाही!

ज्या खेळाचं मला वेड आहे त्याचं नाव ‘स्पेस इंजिनिअर्स’. प्राग शहरातल्या ‘कीन सॉफ्टवेअर हाऊस’ या संस्थेने तो २०१३ साली लोकांपुढे आणला आणि २०१९ साली पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. यात राजकन्या सोडवायची नसते, की शत्रूचा किल्ला जिंकलाच पाहिजे असंही नसतं. अफाट अवकाश, त्यात तरंगणारे दगडी लघुग्रह, काही ग्रह नि चंद्र, आणि आपण एकटे. जगायचं तर खणायचं. लोखंड, निकेल, सिलिकॉन, कोबाल्ट, चांदी, सोनं खणून आणायचं, भट्टीत गाळायचं आणि त्यातून पुढचं यंत्र उभं करायचं. बर्फसुद्धा खणावा लागतो, कारण श्वासाला ऑक्सिजन आणि इंजिनाला हायड्रोजन त्याच्यातूनच मिळतो. जहाज ठोकळ्या-ठोकळ्यांनी रचायचं. छोट्या जहाजाचा ठोकळा अर्ध्या मीटरचा, मोठ्याचा अडीच मीटरचा.

खाणीचं जहाज दिसायला कधीच देखणं नसतं. पुढे ड्रिलांची रांग, मागे माल साठवायची पेटी, दोहोंना जोडणाऱ्या नळ्या, चहूबाजूंना ढकलणारी इंजिनं. पण या कुरूपतेला कारणं आहेत. ड्रिलांचा पसारा जहाजाच्या अंगापेक्षा रुंद हवा, नाहीतर आपणच पाडलेल्या भोकात आपण अडकतो. मागे ओढणारी इंजिनं दणकट हवीत, कारण बोगद्यात शिरणं सोपं, बाहेर निघणं कठीण. इंजिनाची ज्योत जिथे पडते तिथे आपलाच ठोकळा ठेवला तर तो जळून जातो. एकेक नियम कळत जातो तसतशी त्या बेढब आकाराची गोडी वाटू लागते. ओव्या दळताना सुचतात म्हणतात. मला तर या नळ्या जोडतानाच संशोधनपर निबंधाचे मुद्दे सुचले आहेत. सरांनी हे वाचून गुण कमी करू नयेत.

या विषयातला माझा गुरू मात्र खेळातला नाही. माझा मामा मांडवी नदीवर बार्जवर खलाशी होता. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. खाणीतलं लोहखनिज टिपर ट्रकांनी नदीकाठच्या जेटीवर येई, तिथून बार्जमध्ये भरलं जाई आणि मुरगाव बंदराच्या दिशेने मोठ्या जहाजांकडे रवाना होई. रिकामी बार्ज पाण्यावर उंच, ऐटीत चालते. भरलेली येते तेव्हा तिचा काठ पाण्याला टेकतो की काय असं वाटतं. मामाने एकदा माझ्या पाठीशी उभं राहून पडद्यावरचं जहाज बराच वेळ पाहिलं आणि एवढंच विचारलं, “ही रिकामी आहे ना? मग मला भरलेली दाखव. रिकामी बार्ज कोणीही हाकतो रे.”

त्या एका वाक्यात खाणजहाजाचं सगळं शास्त्र आहे. हिशेबच मांडून दाखवतो. छोट्या जहाजाच्या मोठ्या पेटीत १५,६२५ लिटर माल मावतो, आणि खनिजाचा एक किलो ०.३७ लिटर जागा घेतो. म्हणजे पेटी भरली की सुमारे ४२ टन ओझं. जहाजाचं स्वतःचं वजन २० टन धरू. पृथ्वीसारख्या ग्रहावर ते रिकामं जहाज हवेत तोलायला सुमारे १९६ किलोन्यूटन जोर लागतो. हवेत चालणारं एक मोठं इंजिन ५७६ किलोन्यूटन जोर देतं. म्हणजे रिकाम्या जहाजाला एक इंजिन पुरून उरतं, ते पाखरासारखं उडतं. पण भरल्यावर वजन होतं ६२ टन, आणि लागतात ६०८! तेच पाखरू दगडासारखं खाली येतं. म्हणून जहाज ज्या दिवशी जड असेल त्या दिवसासाठी बांधायचं, हलकं असेल त्या दिवसासाठी नव्हे.

मामाला हे आकडे सांगितले तेव्हा तो हसला नाही. त्याने मान डोलावली. आयुष्यभर हातांनी जाणलेली गोष्ट कुणीतरी कागदावर मांडून दाखवावी, तसं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं.

२०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. मी तेव्हा लहान होतो. बार्ज नदीकाठी बांधून ठेवली गेली, आणि मामा पुढे एका मंगल कार्यालयात रखवालदार झाला. आमच्या गल्लीत टिपर ट्रक महिनोन्महिने एकाच जागी उभे होते, त्यांच्या टायरांपाशी गवत वाढलं होतं आणि त्यांच्या कर्जाचे हप्ते काही थांबले नव्हते. त्याच सुमारास आजी मात्र म्हणायची की विहिरीचं पाणी कधी नव्हे ते निवळ दिसतंय. एकाच घरात या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. जेवताना त्यांच्यावरून बोलणं निघालं की मामा नि आजी दोघंही गप्प होत.

खेळात हा पेच नाही. तिथे ड्रिलचं डावं बटण दाबलं तर माल पेटीत येतो. उजवं दाबलं तर भोक रुंद पडतं आणि खणलेला दगड चक्क नाहीसा होतो. किती सोय! आमच्याकडे खनिजावरची माती काढली की तिचे डोंगर उभे राहतात, आणि पावसात ती माती ओढ्यात नि शेतात उतरते. तिला नाहीसं करणारं बटण कुणाकडे नव्हतं. ‘कार्यक्षम जहाज’ म्हणजे कमी इंधनात, कमी फेऱ्यांत जास्त माल, ही व्याख्या मला पाठ आहे. पण तो हिशेब जहाजाच्या वहीतला. खड्ड्याची वही वेगळी असते, आणि ती कुणाच्या हाती आहे हे विचारायला मला माझ्या घराने शिकवलं.

खऱ्या लघुग्रहांची गोष्ट तर आणखी नवलाची आहे. जपानच्या ‘हायाबुसा-२’ यानाने २०२० साली र्‍युगू लघुग्रहावरून ५.४ ग्रॅम माती आणली. अमेरिकेच्या ‘ओसायरिस-रेक्स’ने २०२३ साली बेन्नूवरून १२१.६ ग्रॅम. दोन्ही मिळून १२७ ग्रॅम, ओंजळसुद्धा भरायची नाही. आणि मी एका रात्रीत ४२ टन आणतो! पण त्या चिमूटभर मातीसाठी शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं जपणूक केली, कण न् कण मोजला. मामाच्या बार्जमधून गेलेल्या मातीचा कण कुणी असा मोजला असेल?

मित्रहो, उद्या कधीतरी माणसं खरोखर आभाळात खाणी काढतील. ती जहाजं आपल्यापैकी कुणी बांधील असं नाही. पण त्यांच्याबद्दलचे निर्णय होतील तेव्हा इतिहास नि साहित्य शिकलेल्यांनी ‘आम्हांला त्यातलं काय कळतं’ म्हणून बाजूला बसू नये. एवढं तरी विचारावं, की ही भरल्यावर कशी दिसते ते दाखवा. आणि ती निघून गेल्यावर मागे काय उरतं, तेही.