न दिसणारी वायर

प्योर डेटा या आवाज घडवायच्या प्रोग्रॅममध्ये डिले, म्हणजे आवाजाचा विलंब, बांधायला दोन चौकोन लागतात. ‘डेलराइट’ आलेला आवाज साठवतो, ‘डेलरीड’ ठरलेल्या मिलिसेकंदांनी तो परत काढतो. दोघांना एकच नाव दिलं की झालं. मध्ये वायर नसते. बाकी पॅचभर, म्हणजे चौकोनांच्या सगळ्या जोडणीभर, वायरींचं जाळं, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो विलंब मात्र पडद्यावर कुठेच नाही! मिलर पकेट यांनी आधी पॅरिसच्या इरकॅम या संगीत-संशोधन संस्थेत मॅक्स हा असाच प्रोग्रॅम लिहिला, नव्वदच्या दशकात प्योर डेटा. चौकोन जोडून आवाज घडवायची ही रीत मला आवडते, पण त्या चित्रात काळ मावत नाही.

डेलरीडची वायर गुणाकारातून काढून पुन्हा डेलराइटमध्ये सोडली की फीडबॅक झाला. गुणक 0.5 असेल तर दर फेरीला आवाज 6 डेसिबलनं उतरतो, 0.7 ला साधारण 3 नं. 1 च्या पुढे जायचंच असेल तर हेडफोन आधी काढून ठेवावा. खरी गंमत या वळणावर आणखी काय बसवता यात आहे. नुसत्या गुणकानं येतात त्या हुबेहूब नकला, आणि त्यांचा कानाला लवकर वीट येतो. मी तिथे लो-पास फिल्टर ठेवतो, 2500 हर्ट्झच्या आसपास. मग आत टाळी सोडली तर दर फेरीत तिची धार थोडी बोथट होते, जुन्या टेप एकोमध्ये व्हायची तशी.

वाजता वाजता विलंब बदलायचा तर डेलरीड कामाचा नाही. आकडा उडी मारतो आणि ‘टक्’ ऐकू येतं. तिथे सॅम्पलांच्या मधल्या किमती काढणारा ‘व्हीडी’ हवा. त्याला ‘लाइन’ या चौकोनानं सावकाश सरकवलं की सूरच घसरतो. विलंब सेकंदाला 100 मिलिसेकंदांनी वाढत असेल तर तेवढा वेळ वारंवारता दहा टक्क्यांनी खाली, म्हणजे जवळजवळ दोन अर्धस्वर. काहीजण हा दोष मानून लपवतात. मी तो मुद्दाम वापरतो.

सगळ्यात चकवणारा आकडा 64. प्योर डेटा एका वेळी 64 सॅम्पलांच्या एका ब्लॉकचा हिशेब करतं. 44,100 च्या सॅम्पल रेटला हे 1.45 मिलिसेकंद. फीडबॅकच्या फेरीतला विलंब त्याहून कमी होतच नाही. त्यामुळे कार्प्लस-स्ट्राँगच्या पद्धतीनं, म्हणजे छोट्या विलंबाच्या फेरीतून तारेचा सूर काढून, बांधलेली तार सुमारे 689 हर्ट्झला अडते. पुढचे सूर कितीही मागा, ती तिथेच. हे कुठल्याही वायरवर लिहिलेलं नसतं. मी तेवढी फेरी उचलून सबपॅचमध्ये, म्हणजे पॅचच्या आतल्या वेगळ्या पॅचमध्ये, टाकतो आणि तिथला ब्लॉक 1 सॅम्पलचा करतो. प्रोसेसरला घाम फुटतो, म्हणून बाकीचा पॅच 64 वरच राहू देतो.