आडनावाचा रकाना

सिनेमाचे वेड मला शाळेपासून. वडील तिसऱ्या पाळीला गेले की आम्ही वस्तीतली पोरे नाशिकरोडच्या अनुराधा टॉकीजला पुढच्या बाकड्यांवर जाऊन बसायचो. मारामारी सुरू झाली की शिट्ट्या. हिरोचे आडनाव काय, हा विचार कधी डोक्यात आला नाही. आता चाळिशी ओलांडली, कारकुनी करतो, रविवारी विहारात बसून समाजातल्या मुलांचे फॉर्म भरून देतो. वेड मात्र सुटलेले नाही. फरक एवढाच की आता हिरोचे आडनाव मी आधी बघतो. बहुतेक वेळा ते मल्होत्रा नाहीतर खन्ना असते.

म्हणून २०२५ साल मला वेगळे वाटले. एप्रिलमध्ये 'फुले' आला. खरे तर तो ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला यायचा होता. काही संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर बोर्डाने जातींचे उल्लेख बदलायला लावले, आणि चित्रपट २५ तारखेला लागला. जात पाळली तर चालते, पडद्यावर उच्चारली की भावना दुखावतात, असा हा कारभार. आईला घेऊन गेलो. तिघांच्या तिकिटात घरचा आठवड्याचा भाजीपाला आला असता, पण ते असो. प्रतीक गांधी आणि पत्रलेखा यांनी काम मनापासून केले आहे. तरीही मला तो पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखा वाटला. माणसे बोलण्याऐवजी भाषण करतात. आईला हे पटले नाही. सावित्रीमाईंच्या अंगावर शेण पडते तेव्हा तिने पदर तोंडाला लावला तो मध्यंतरापर्यंत काढला नाही.

ऑगस्टमध्ये 'धडक २'. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'वरून २०१८ साली हिंदीत 'धडक' काढला, तेव्हा त्यातली जातच गाळून टाकली होती. मीठ काढून भाजी वाढावी तसे. हा दुसरा भाग मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाल' या तमिळ चित्रपटावरून घेतला आहे, आणि इथे हिरोचे नाव नीलेश अहिरवार. मोठ्या कंपनीच्या चित्रपटात, गाणी म्हणणाऱ्या हिरोला असे आडनाव! मी खुर्चीत सरसावून बसलो. मूळ तमिळ चित्रपटाची धार याला नाही, प्रेमाची गाणीही लांबली आहेत. पण आडनाव स्पष्ट उच्चारले, याचे गुण मी देणारच.

आणि मग 'होमबाउंड'. नीरज घायवान यांचा. हा आम्ही घरीच पाहिला, मी, सौ. आणि मुलगी. उत्तरेतल्या खेड्यातले दोन मित्र, चंदन आणि शोएब. दोघांना पोलीस शिपाई व्हायचे आहे, कारण वर्दी चढली की कोणी हिणवणार नाही असे त्यांना वाटते. चंदन आपला. फॉर्म भरताना तो राखीव रकाना सोडून जनरल लिहितो आणि नाव सांगताना आडनाव गिळतो. जागा राखीव असूनही! फॉर्म हा माझा रोजचा विषय, त्यामुळे मी तावातावाने म्हणालो, "काय मूर्ख पोरगा आहे! बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क असा सोडायचा?"

मुलगी पडद्याकडे बघतच म्हणाली, "पप्पा, मीपण तेच केलंय."

बी.एस्सी. झाल्यावर तिने एका परीक्षेचा अर्ज भरला होता. मला वाटले तिने दाखला जोडला असेल. तिने ओपन लिहिले. कॉलेजात कोणीतरी मैत्रिणीच्या तोंडून 'तुमचं काय बाई, तुम्हाला सीटच आहे' असे ऐकल्यापासून तिने ठरवून टाकले होते. रविवारी शंभर पोरांना रकाना दाखवणारा मी, आणि घरात ही गोष्ट. माझा आवाज चढला. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "भाड्याच्या खोलीत तुम्ही काय केलं होतं?"

मी सौ.कडे पाहिले. तिनेच सांगितले असणार. लग्नानंतर एका चांगल्या वस्तीत खोली बघायला गेलो, तेव्हा मालकाने नाव विचारले. मी माझे आणि वडिलांचे नाव सांगितले, तिसरे सांगितलेच नाही. अकरा महिने राहिलो. अकरा महिने बाबासाहेबांची तसबीर पेटीत, साड्यांच्या खाली. सौ. रोज सकाळी झाकण उघडून हात जोडायची आणि लावायची. हे मी कोणत्याही सभेत कधी बोललेलो नाही.

चित्रपट पुढे चालू राहिला. टाळेबंदी लागते, सुरतेत मजुरी करणारे ते दोघे गावाकडे निघतात, आणि चंदन वाटेतच जातो. आमच्या माणसाला शेवटी मारायचेच का, अशी माझी कायमची तक्रार असते. 'सैराट'च्या वेळी केली, इथेही करणार होतो. पण ही गोष्ट २०२० साली खरीच घडलेली. त्या उन्हाळ्यात आम्ही कार्यकर्ते त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी, मुंबई-आग्रा महामार्गावर पाणी आणि खिचडी घेऊन उभे होतो. बाजूला फाळके स्मारक बंद. कसाऱ्याचा घाट चढून आलेली माणसे डोक्यावर बोचकी घेऊन जात होती. त्यांतल्या एकालाही मी नाव विचारले नव्हते. कोणी न विचारता एकाने सांगितले, तेही फक्त पहिले. तेव्हा त्यात मला काही खटकले नाही.

मुलीच्या त्या अर्जाची मुदत केव्हाच संपली आहे. पुढची जाहिरात येईल तेव्हासाठी मी जातीचा दाखला आणि पडताळणीचे प्रमाणपत्र कपाटातून काढून झेरॉक्स करून तिच्या टेबलावर ठेवले. पंधरा दिवस झाले, पाकीट तिथेच आहे. परवा त्यावर तिने वही ठेवलेली दिसली.