मनाच्या जखमेवर नजरेचा इलाज

११ डिसेंबर १९६७. रमजानचा पहिला अशरा. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, सेहरीच्या वेळेला, कोयनानगर हादरलं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. घरं पुन्हा उभी राहिली, पण आमच्या दादी आजही रात्री दाराला कडी लावू देत नाहीत. इथे लहान धक्के अजून बसतात. प्रत्येक धक्क्याला आमच्या घरात तीच पहाट उगवते.

अशा भीतीला आपल्यात ‘ईमानाची कमजोरी’ म्हटलं जातं. ते बरोबर नाही. भयंकर प्रसंग मनात नीट जिरला नाही, तर तो आत्ताच घडतोय असं शरीराला वाटत राहतं.

यासाठी अमेरिकेतल्या मानसतज्ज्ञ फ्रान्सीन शापिरो यांनी १९८७ पासून ‘ईएमडीआर’ ही पद्धत विकसित केली. माणूस ती आठवण मनात धरतो आणि तज्ज्ञाच्या डावी-उजवीकडे फिरणाऱ्या बोटांमागे नजर फिरवतो. मन एकाच वेळी दोन कामांत गुंतलं की आठवणीची धार बोथट होते, असं अनेक अभ्यासक मानतात. आठवण पुसली जात नाही, पण काळजाची धडधड कमी होते. तुर्कस्तानात १९९९च्या भूकंपानंतर तंबूंत राहणाऱ्यांवर हे उपचार झाले. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्यांची शिफारस केली.

हे घरी करून पाहू नये. प्रशिक्षित तज्ज्ञच हवा. तापासाठी आपण दुआही करतो आणि डॉक्टरकडेही जातो. मनासाठीही तसंच करूया. घरातल्या बुजुर्गांना ‘विसरा आता’ म्हणण्यापेक्षा त्यांचा हात धरून दवाखान्याची पायरी चढूया.