मर्जीतली माणसं

सारसोळे, शुक्रवार रात्र. बढतीची यादी लागली. पंपाच्या अलाइनमेंटसाठी रात्रपाळीत जागलेला ज्युनिअर यादीत नाही. साहेबांच्या केबिनमध्ये रोज चहाला बसणारा आहे. ड्रॉइंगमधली चूक दाखवणाऱ्याला आमच्याकडे ‘निगेटिव्ह’ म्हणतात. मग कुणी चूक दाखवतच नाही, आणि ती थेट साइटवर सापडते. मला भय याचं वाटतं. पगारवाढ हुकल्याचं दुःख त्यामानाने लहान.

याउलट उदाहरणही इथून जवळच आहे: बेलापूरला कोकण रेल्वेचं मुख्यालय. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, १९९८ मध्ये ७४१ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. महामंडळाचे तेव्हाचे प्रमुख श्रीधरन यांनी कार्यालयांत दिवस उलटे मोजणारी घड्याळं लावली होती. उरलेले दिवस साहेबाला आणि शिपायाला सारखेच दिसत.

सोमवारी त्या ज्युनिअरचं काम तारखांसह लिहून वरिष्ठांकडे देणार आहे, माझ्या सहीने.